शेंगेच्या आतला रंग

“फ्रिज ओला आहे, हात लावू नका,” असं सासऱ्यांनी सांगितलं तेव्हा माझा हात फ्रिजला लागून बराच वेळ झाला होता. लागला होता, आणि आता निघत नव्हता.

निघाल्यावर नीट पाहिलं. सकाळी पांढरा असलेला फ्रिज दुपारपर्यंत फिकट बदामी झाला होता. त्याच्या दारावर चुंबकाचं एक प्लास्टिकचं केळं असायचं. ते फिकट बदामी. केळ्याखाली लाइटबिल अडकवलेलं असायचं. तेही फिकट बदामी.

“बाबा, बिल कशाला रंगवलं?”

“मध्ये येत होतं,” सासरे म्हणाले आणि ब्रश डब्याच्या काठावर निथळू लागले.

सासरे रंगारी. चित्रांचे नव्हे, भिंतींचे. या शहरातली निम्मी घरं त्यांनी आतून पाहिलेली, आणि पाहून झाल्यावर झाकलेली. मग गुडघे गेले. काही लोकांचं मीठ बंद करतात, तशी डॉक्टरांनी यांची शिडी बंद केली. काम थांबलं, हात थांबले नाहीत. शेवटच्या कामातून फिकट बदामी रंगाचे मोठाले डबे उरले होते आणि ते वाया जाऊ द्यायचे नाहीत, हे एकच ध्येय आता त्यांच्यापुढे होतं. आधी स्टूल झालं. मग बादली, टपालपेटी, कुंडी. कुंडीतल्या झाडाची खालची दोन पानं मध्ये येत होती, तीही झाली. शेजाऱ्यांची निळी सायकल जिन्यात उभी असायची. ते ती हरवल्याची तक्रार द्यायला निघाले होते आणि जाताना तिलाच धडकले.

मी या घरात जावई म्हणून काही महिन्यांसाठी राहायला आलो होतो, आमच्या फ्लॅटचं बांधकाम होईपर्यंत. बांधकाम अजून चालू आहे. सासरे मला ‘जावईबापू’ म्हणतात आणि ब्रश हातात असताना माझ्याकडे असं पाहतात की मी एका जागी फार वेळ उभा राहत नाही.

सगळ्या घरात न रंगवलेली एकच वस्तू उरली होती. मधल्या खोलीतली भिंत.

“केळं रंगवा,” सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. “बिल रंगवा. माझी भिंत सोडून काय हवं ते रंगवा.”

“ती निवांत करायची आहे गं. घाईचं काम नाही ते.”

“लग्न झालं तेव्हापासून निवांतच चाललंय.”

या भिंतीला टेकून सासूबाईंचं बुटकं बाकडं आहे. रोज दुपारी त्या तिथे बसून भाजी निवडतात, टाके घालतात, डोकं मागे टेकून पाच मिनिटं डोळे मिटतात आणि ‘मी झोपले नव्हते’ म्हणत उठतात. लग्नाच्या वर्षी त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं, एवढी एक भिंत मला करून द्या. नवरा म्हणाला होता, घरची भिंत काय पळून जातेय. ती खरोखरच पळून गेली नाही.

पुढे एकदा त्यांची थोरली बहीण भेटायला आली. तिने चहाचा कप हातात घेऊन भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, “अगं, तुझा नवरा रंगारीच ना?” एवढंच. या वाक्याला बरीच वर्षं झाली, पण आमच्या घरात ते अजून त्याच आवाजात म्हटलं जातं, बारीक डोळे करून, कप धरल्यासारखा हात धरून. माझ्या बायकोलाही येतं.

आणि आता तीच मावशी येत्या महिनाअखेरच्या रविवारी येणार होती. मावशींचे यजमान मध्यंतरी गेले, त्यानंतर त्या पहिल्यांदाच कुणाकडे जाणार होत्या, त्यामुळे नको म्हणायची सोय नव्हती.

“ताई यायच्या आत भिंत झाली पाहिजे,” सासूबाईंनी जाहीर केलं. “नाही झाली तर मी त्या दिवशी घरात नसेन. ताईला तुम्हीच सांगा मी कुठे गेले ते.”

“मी करू का?” मी विचारलं.

सासऱ्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “जावईबापू, तुमची दाढीसुद्धा एकसारखी होत नाही.”

*

वर्गाची कल्पना सासूबाईंची. कोपऱ्यावरच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी चित्रकलेचा वर्ग निघाला होता. बाहेर पाटी होती: ‘चित्रकलेच्या मूलभूत दृश्यघटकांची ओळख’.

“दृश्यघटक म्हणजे काय असतं, आई?”

“मला काय ठाऊक. पण ते तिथे असतील आणि हे घरात नसतील.” त्यांचा हिशोब सरळ होता. हातांची खाज कागदावर उतरेल, घरातल्या वस्तू वाचतील आणि रविवारपर्यंत माणूस भिंतीसाठी मोकळा होईल. जिन्यावर धरायला म्हणून सोबत मला धाडलं.

वर्गाच्या बाई वयाने माझ्याएवढ्याच होत्या आणि इतक्या शांत होत्या की त्यांना काही ऐकू येत नाही की काय, असं वाटावं. बाकी विद्यार्थ्यांत एक बँकेतून निवृत्त झालेले साहेब होते. ते हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत प्रत्येक गोष्टीचं माप घ्यायचे, बाईंचंही घेतलं. एक दाताच्या डॉक्टर होत्या. त्यांनी काहीही काढलं तरी त्याला शेवटी मुळं फुटायची.

बाईंनी फळ्यावर एक रेघ ओढली. “ही काय आहे? मनात येईल ते सांगा.”

“सही करायची जागा,” बँकेचे साहेब म्हणाले.

“नस,” डॉक्टर म्हणाल्या.

“भेग,” सासरे म्हणाले.

“भेग. छान.”

“छान नाही बाई. आता बुजवली तर बुजेल. नंतर प्लॅस्टर काढायला लागेल.” ते उठले, फळ्यापाशी गेले, रेघेवर बोट फिरवलं, बोटाची गाठ फळ्यावर ठक ठक वाजवून पाहिली आणि समाधानाने परत आले. बोट फिरवल्यामुळे रेघ गेली होती.

पुढच्या वेळी आकार. बाईंनी कागदावर पाण्याचा एक ओघळ सोडला आणि त्यातून कुणाला काय दिसतं ते विचारलं. सगळ्यांना ढग, बेट, कुत्रा वगैरे दिसलं. सासऱ्यांनी छताकडे पाहून विचारलं, “वर न्हाणीघर आहे का?”

मग पोत. खरखरीत, गुळगुळीत, दाणेदार. वेगवेगळ्या कागदांवर कोळशाची कांडी घासून पाहायची होती. सासऱ्यांनी त्यातला सर्वांत खरखरीत कागद घेतला, खिशातून पॉलिश पेपर काढला आणि गोल गोल घासायला लागले. बाई फिरत फिरत आल्या तेव्हा कागद गुळगुळीत होऊन, पातळ होऊन, पलीकडे गेलेला होता. भोकातून त्यांना टेबल दिसलं.

“आता हात फिरवून बघा,” सासरे म्हणाले.

बाईंनी भोकातून हात फिरवून पाहिला. “खरंच,” त्या म्हणाल्या.

उजेड आणि सावलीच्या दिवशी सासरे मुकाट बसून होते. घरी येताना जिन्यात मध्येच थांबले. मला वाटलं गुडघा. पण ते विचार करत होते.

“जावईबापू, ह्या बाई जे जे शिकवतात ना, ते ते लोकांनी मला आयुष्यभर बोलावून दाखवलंय. भिंतीवर रेघ दिसली की बोलावणार, या इकडे. आकार उमटला की ओल आली, या. हात फिरवून तोंड वाकडं करणार, खरखर लागतेय. एकीकडे उजळ, एकीकडे काळपट दिसलं, मग तर संपलंच, सगळं परत करा. जन्मभर मी हेच घालवत आलो. आणि ही पोर म्हणते, आणा.”

“मग उद्यापासून नको यायचं का?”

“असं कसं? बघू तरी, काय काय घालवलं ते.”

*

खरी अडचण पुढच्या तासाला आली. टेबलावर एक जुनी किटली ठेवली होती. सासऱ्यांनी आधी कागदाच्या चारी कडांना चिकटपट्टी लावली. मग किटली रंगवली. मग किटलीच्या मागचं. मग खालचं, वरचं. चिकटपट्टी काढली आणि तिच्याखालचंही रंगवलं. कागद संपल्यावर ते खालच्या फळीवर गेले. फळी संपत आली तेव्हा शेजारी बसलेल्या बँकेच्या साहेबांनी आपली बाही जवळ ओढून घेतली.

“काका,” बाई म्हणाल्या, “थोडी जागा मोकळी ठेवायची असते.”

“कुठे राहिलंय? दाखवा, भरून देतो.”

“राहिलेली नाही. मुद्दाम सोडलेली. रिकामी जागासुद्धा चित्राचाच भाग असते. कधी कधी तिच्यामुळेच बाकीचं दिसतं.”

पोटात कात्री राहणं हाही ऑपरेशनचाच भाग असतो, असं एखाद्या सर्जनला सांगितलं तर तो जसा पाहील, तसं सासऱ्यांनी बाईंकडे पाहिलं. मग फळीचा उरलेला कोपरा तेवढा हळूच पुरा केला.

त्या दिवशी बाईंनी घरचा अभ्यास दिला. घरातली कुठलीही एक जागा निवडायची, तिच्यासमोर तासभर बसायचं आणि रेषा, आकार, पोत, उजेड, सावली यांतलं काय काय सापडतं ते पाहायचं. काढायचं नाही, नुसतं पाहायचं.

सासरे घरी आले, चहा घेतला आणि शोधायला लागले. स्वयंपाकघरात फ्रिज फिकट बदामी, ओटा फिकट बदामी, डबे फिकट बदामी. काही सापडेना. बाल्कनीत तेच. गोष्टी कुठे संपतात आणि कुठे सुरू होतात तेच कळत नव्हतं. आदल्या दिवशी मी स्टूल समजून बादलीवर बसलो होतो. शेवटी फिरत फिरत ते मधल्या खोलीत आले, खुर्ची ओढली आणि भिंतीसमोर बसले. घरात पाहण्यासारखी तेवढीच एक गोष्ट शिल्लक होती.

सासूबाईंनी दारातून पाहिलं. नवरा भिंतीकडे टक लावून बसलाय. त्यांनी आनंदाने मला खूण केली. कामाचा अंदाज घेतायत. मग न मागता दुसरा चहा नेऊन दिला.

“काय म्हणतेय भिंत?”

“अगं, किती आहे इथे,” सासरे म्हणाले. “ही आडवी रेघ बघ. ह्या बाकड्याची पाठ घासून घासून. ही पोरीने पेन्सिलने मारलेली, तिला मार मिळाला होता. ही खरी भेग, कपाट हलवलं तेव्हाची. इथे हात फिरव. फिरव ना. पोपडे. आणि इथे तुझं डोकं आहे.”

“माझं डोकं माझ्यापाशी आहे.”

“हे बघ की.” त्यांनी बोट दाखवलं. बाकड्याच्या वर, बसल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, भिंतीवर एक काळपट लांबट गोल होता. इतकी वर्षं केसांचं तेल लागून लागून झालेला. मध्ये गडद, कडेला विरत गेलेला. “आकार आहे हा. सावलीपण आहे त्यात. असा गोल मला मुद्दाम काढायचा म्हटलं तर जमायचा नाही.”

“बरं. मग सुरुवात कधी करताय?”

सासरे भिंतीकडेच पाहत होते. “हिला कशी रंगवू आता?”

सासूबाईंनी नवऱ्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला, अर्धा उरलेला, आणि आत निघून गेल्या. “इतकी वर्षं आळसाने नाही केली,” आतून आवाज आला, “आता कलेने नाही करणार.”

तेव्हापासून त्यांचं नवऱ्याशी बोलणं बंद झालं आणि माझं काम वाढलं.

“तुमच्या सासऱ्यांना विचारा, पोळीबरोबर काय हवं.”

“बाबा, पोळीबरोबर काय हवं?”

“सांगा, काहीही चालेल.”

“आई, काहीही.”

“म्हणावं, काहीही घरात नाही.”

आम्ही तिघं एकाच टेबलाला बसलेलो असायचो.

याच्यावर कडी म्हणून सासऱ्यांनी वर्गात त्या भिंतीचं एवढं वर्णन केलं, की बाई म्हणाल्या, पुढचा तास आपण तिथेच घेऊ या. सासऱ्यांनी घरी सांगायचं काम माझ्यावर सोपवलं. मी ते माझ्या बायकोवर सोपवलं. तिने ते कुणालाच सांगितलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी घंटी वाजली आणि दारात पेन्सिली घेतलेली माणसं उभी होती.

“कोण आलंय?” सासूबाईंनी मटारची टोपली हातात घेऊन विचारलं.

“काकू, आम्ही भिंत बघायला आलोय,” वर्गाच्या बाई म्हणाल्या.

माझ्या सासूबाई आल्यागेल्याला कधी वाईट बोलत नाहीत. त्यांनी सगळ्यांना आत घेतलं, पाणी दिलं, सतरंजी घातली. मग स्वयंपाकघरात येऊन फ्रिजपाशी उभ्या राहिल्या. “घरात डाग असला तर लोक झाकतात,” त्या मला हळू आवाजात म्हणाल्या. “आमच्याकडे पाहुणे बोलावून दाखवतात.”

बाहेर काम सुरू झालं होतं. बँकेचे साहेब एक डोळा मिटून भेगेची लांबी घेत होते. दातांच्या डॉक्टर पोपड्यांसमोर बसून ‘किडलंय, पण वाचेल’ असं काहीतरी पुटपुटत होत्या. सासूबाई मटार सोलायला कुठे बसावं ते न कळून दारात घुटमळल्या.

“काकू, तुम्ही बसा ना तिथेच, नेहमीसारख्या,” बाई म्हणाल्या.

स्वतःच्या घरात स्वतःच्या बाकड्यावर बसायला कुणाची परवानगी लागत नाही, हे दाखवण्यासाठीच बहुधा त्या बसल्या. सोलायला लागल्या. थोड्या वेळाने सवयीने डोकं मागे गेलं आणि त्या गोलावर बरोबर जाऊन टेकलं. सगळ्यांच्या पेन्सिली एकदम चालायला लागल्या. मीसुद्धा काढलं. माझ्या चित्रात बाकडं बरं आलं होतं.

सासऱ्यांनी भिंत काढली. वरपासून, डावीकडून, रंगवतात त्याच क्रमाने. रेघा, पोपडे, भेग, पेन्सिलीची रेघ. पण बायकोपाशी आले आणि ब्रश थांबला. माणूस कधी काढलेला नव्हता. नाक कुठून सुरू करतात ते ठाऊक नव्हतं. त्यांनी दोनदा ब्रश पुढे नेला, दोनदा मागे घेतला. मग तिच्या कडेकडेने, खिडकीची चौकट सांभाळून रंगवतात तसं, हलक्या हाताने सगळीकडून भरत गेले आणि तिच्यापुरती जागा तशीच ठेवली.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. “काका, सोडलंत की.”

“जमलं नाही म्हणून,” सासरे म्हणाले. पण कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. भरलेल्या भिंतीत एक बाई पांढरी बसलेली होती, डोकं टेकून.

मंडळी गेल्यावर सासूबाईंनी चित्र हातात घेतलं. नवऱ्याशी न बोलण्याचा नियम त्यांनी तेवढ्यापुरता बाजूला ठेवला.

“यात मी कुठे आहे?”

“ही काय. जिथे काही नाही तिथे.”

“हे ऐकायचंच राहिलं होतं.” त्यांनी चित्र टेबलावर ठेवलं. आता चिडलेल्या नव्हत्या, आणि त्याची मला जास्त भीती वाटली. “हे बघा, चित्र छान असेल. मला कळत नाही. तुम्ही जन्मभर लोकांच्या घरी गेलात. ज्यांची तोंडं आठवत नाहीत, त्यांच्या भिंतींवर तुमचा हात आहे. मी बाजारात जाते तेव्हा बायका सांगतात, आमचा हॉल तुमच्या ह्यांनी केलाय, अजून कसा राहिलाय बघा. मी बघते. घरी येते आणि याला टेकून बसते. तुमच्या हातची एक भिंत मला हवी होती. ताईचं निमित्त आहे हो. ती काय, येईल आणि जाईल.”

टोपलीत सोललेल्या शेंगांची टरफलं होती, त्यातलं एक उचलून सासरे उलटसुलट करत राहिले.

“कुठला रंग हवा होता?” शेवटी त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी त्यांच्या हातातलं टरफल घेतलं आणि उघडून धरलं. “हा. बाहेरचा नाही. आतला.”

*

शनिवारी सकाळी माझी बायको तिच्या आईला घेऊन बाहेर पडली आणि तिने तिला चार दुकानांत एकच चादर दाखवून आणली.

सासऱ्यांनी तळहातावर शेंग उघडून ठेवली आणि रंग मिसळायला बसले. पांढऱ्यात थेंबभर हिरवा, मग चिमूटभर पिवळा, मग पुन्हा पांढरा. थोडा बोटावर घेऊन शेंगेला लावायचे, बघायचे, मान हलवायचे. शेंग सुकायला लागली की दुसरी. सकाळभरात त्यांनी पावशेर मटार संपवला. दाणे माझ्याकडे येत होते. कधीतरी त्यांनी बोटावरचा रंग शेंगेच्या आत लावला आणि तो दिसेनासा झाला. “हं,” म्हणाले.

मग पुट्टी. भेग उकरून, भरून, पॉलिश पेपरने घासून. रेघा गेल्या. पोपडे गेले. पेन्सिलीच्या रेघेपाशी ते जरा थांबले, मग तीही गेली. शिडी बंद होती म्हणून आम्ही रोलरला पडद्याचा दांडा बांधला होता. खुर्चीत बसून ते दांडा चालवत होते आणि मी खुर्ची सरकवत होतो. “थोडं डावीकडे. जास्त झालं. तुम्ही गाडी पण अशीच चालवता.” प्रायमर. एक हात. वाळेपर्यंत दोघांनी मटार घातलेला भात खाल्ला. दुसरा हात.

दाखवण्यासारखी भिंत झाली. ना रेघ, ना डाग, ना खरखर. उजेड सगळीकडे सारखा पडत होता. मी इतकी शांत भिंत पाहिली नव्हती. फक्त बाकड्याच्या वर, चिकटपट्टीने अगदी कडेकडेने आखून घेतलेला, तो तेलकट लांबट गोल जसाच्या तसा होता. मला वाटलं तो शेवटी करणार. पण त्यांनी चिकटपट्टी हळूच सोलली, ब्रश धुतला आणि डब्याला झाकण लावलं.

सासूबाई आल्या. हातात पिशव्या घेऊन दारातच उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पाहून माझ्या बायकोने पिशव्या काढून घेतल्या. त्या जवळ गेल्या, भिंतीवर तळवा ठेवला, न हलवता. मग त्यांना गोल दिसला.

“हे राहिलं,” त्या म्हणाल्या.

“राहिलं नाही. सोडलंय.”

“का?”

सासरे हात पुसत म्हणाले, “बस तर खरी.”

त्या बसल्या. डोकं मागे टेकलं. गोल गेला. पूर्ण भिंत शेंगेच्या आतल्या रंगाची, आणि मध्ये त्या. कुठे काही राहिलेलं नव्हतं. सासरे नुसते बघत होते. काम झाल्यावर गिऱ्हाइकाच्या घरात दारापाशी उभे राहून एकदा मागे वळून पाहायचे, तसे.

“वेडे आहात,” सासूबाई म्हणाल्या. डोकं मात्र हलवलं नाही. “आता ताई येईल तेव्हा मला इथून उठता यायचं नाही.”

*

आणि त्या उठल्या नाहीत. रविवारी मावशींची रिक्षा खाली वाजली तेव्हापासून त्या बाकड्यावर, डोकं भिंतीला. मावशींनी आत येऊन मिठी मारली तीही वाकून. चहा मी केला. जेवण माझ्या बायकोने वाढलं. सासूबाईंचं ताट बाकड्यावर गेलं. मावशी वयाने वाळल्या होत्या, पण डोळे तसेच बारीक होते.

“भिंत केलीत,” त्या म्हणाल्या. “रंग चांगला आहे गं. कुठे मिळाला?”

“मिळत नाही,” सासूबाई म्हणाल्या. “ह्यांनी केला.”

एवढं बोलून त्यांनी जे डोळे मिटले, त्यात पुष्कळ वर्षांचा हिशोब पुरा झाल्यासारखा वाटला.

“पण तू उठत का नाहीस?” मावशींनी दुपारी विचारलं. “गुडघे गेले का?”

“हो ना. गुडघे.”

“ते माझे गेलेत,” सासरे म्हणाले, आणि माझ्या बायकोने त्यांना फ्रिज दाखवायला आत नेलं.

संध्याकाळी मावशी निघाल्या. दारापर्यंत सोडायला न जाणं शक्य नव्हतं. सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि उठल्या.

मावशींनी मागे वळून पाहिलं. एवढ्या नितळ भिंतीत काळपट लांबट गोल. त्यांचे डोळे बारीक झाले. आता ते वाक्य येणार म्हणून मी कपाटाकडे पाहायला लागलो.

“हे सुटलंय वाटतं.”

“सुटलं नाही,” सासूबाई म्हणाल्या. “माझी जागा आहे ती.”

मावशी जवळ गेल्या. बोट पुढे नेलं, पण लावलं नाही.

“आमच्या ह्यांच्या खुर्चीमागे असाच होता,” त्या म्हणाल्या. “ते गेल्यावर माणसं यायची होती, म्हणून घाईने रंग देऊन घेतला. चांगला दिलाय हो. कुठे होता ते आता मलाही सापडत नाही.”

सासूबाईंनी त्यांचा हात धरला आणि दोघी बहिणी जिन्याने खाली गेल्या. रिक्षा निघाल्याचा आवाज उशिरा आला.

सासूबाई वर आल्या, टोपली घेतली आणि बाकड्यावर बसल्या. सासरे समोरच्या दाराला टेकून उभे होते. त्यांनी बँकेच्या साहेबांसारखा हात लांब केला, अंगठा उभा धरला, एक डोळा मिटला.

“काय बघताय?”

“थोडी डावीकडे सरक,” ते म्हणाले. “हं. बस आता.”